संशोधकाचे सेवापुस्तक कुणाच्या कपाटात आहे?

प्रति,
मा. मंत्री, उच्च व तंत्रशिक्षण विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : संशोधकांच्या वर्षांची मोजणी

माननीय मंत्रिमहोदय,


सरकारी कार्यालयात कनिष्ठ लिपिक रुजू झाला की त्याच्या नावाचे सेवापुस्तक उघडते. त्यात वेतनवाढ चढते, रजा चढते, बढती चढते. बदली गडचिरोलीला झाली तर पुस्तकही मागोमाग तिथे जाते. माणूस कुठेही असला तरी त्याची वर्षे त्याच्या नावावर राहतात. हे योग्यच आहे आणि त्यात कुणाला नवल वाटत नाही.

याच राज्यात पीएच.डी.ची नोंदणी करणारी मुलगी पुढची बारा-पंधरा वर्षे विद्यापीठ, प्रयोगशाळा, एखादा प्रकल्प, मग सीएचबी, म्हणजे तासिका तत्त्वावरची नेमणूक, अशी फिरते आणि चाळिशीच्या आतबाहेर सहायक प्राध्यापकाच्या मुलाखतीला जाते. छाननीच्या तक्त्यात तिच्या नावापुढच्या ‘अनुभव’ या रकान्यात बहुतेक वेळा शून्य असते. हे शून्य कसे तयार होते ते आपल्यापुढे मांडावे म्हणून हे पत्र लिहितो आहे. मी निवृत्त प्राध्यापक आहे. अनेक वर्षे मान्यताप्राप्त मार्गदर्शक होतो. आता मला कुठली ‘प्लेसमेंट’ मिळायची नाही की कुणाची एनओसी लागायची नाही, त्यामुळे थोडे मोकळेपणाने लिहिता येईल.

माझ्या एका विद्यार्थिनीचेच सांगतो. नाव घेत नाही, कारण तिच्यासारख्या पुष्कळ आहेत. विषय रसायनशास्त्र. नेट-जेआरएफ मिळाली, पाच वर्षे फेलोशिपवर काम केले आणि पीएच.डी. झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीप्रमाणे पदवी मिळवण्यात गेलेला काळ नियुक्तीसाठी अनुभव म्हणून धरला जात नाही. सवलत आहे ती नोकरी सांभाळून, रजा न घेता संशोधन करणाऱ्यांना. म्हणजे पूर्णवेळ संशोधन करणाऱ्याची पाच वर्षे गेली आणि अर्धवेळ करणाऱ्याची राहिली. मग ती पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत रिसर्च असोसिएट झाली. तिथे दोन वर्षे काढल्यावर प्रकल्पच संपला. लग्न होऊन मराठवाड्यात गेली आणि तिथल्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवू लागली. सात वर्षे शिकवले. दर जूनला नवी मुलाखत, दर वर्षी नवा आदेश, मे महिन्यात बिनपगारी.

या सात वर्षांचे काय होते पाहा. त्याच नियमावलीत पूर्वीची तात्पुरती किंवा कंत्राटी सेवा, तिला नाव काहीही दिलेले असो, मोजण्याची तरतूद आहे. वाचणाऱ्याला बरे वाटते. पण खाली अटी आहेत. निवड रीतसर समितीने केलेली हवी. आणि त्या काळात मिळालेले एकूण वेतन नियमित सहायक प्राध्यापकाच्या एकूण वेतनापेक्षा कमी असता कामा नये. सीएचबीवर काम करणाऱ्या माणसाला तासावर पैसे मिळतात, तेही अर्ध्या कार्यभाराचे. त्याचे वेतन नियमित प्राध्यापकाइतके होणे शक्यच नाही. शासनाने पगार कमी दिला, म्हणून शासनच म्हणते की तुझी सेवा मोजता येत नाही! ही अट ज्या कुणी लिहिली, त्याच्या डोळ्यासमोर दिल्लीतले केंद्रीय विद्यापीठ असावे. उमरग्याचे किंवा किनवटचे महाविद्यालय नक्कीच नव्हते.

रिसर्च असोसिएटचीही गत फार वेगळी नाही. केंद्राने जानेवारी २०२३ पासून पहिल्या पायरीच्या असोसिएटला महिना ५८,००० रुपये आणि घरभाडे भत्ता ठरवला. सहायक प्राध्यापकाचे सुरुवातीचे मूळ वेतन ५७,७०० आहे, पण त्यावर महागाई भत्ता चढतो. असोसिएटला तो नाही. म्हणजे मूळ वेतनात तीनशे रुपयांनी पुढे असलेला पोस्टडॉक एकूण वेतनात मागे पडतो. आता याचा अर्थ कसा लावायचा हे तपासणाऱ्याच्या मर्जीवर. एका छाननी समितीने धरलेली दोन वर्षे दुसरी समिती खोडते आणि उमेदवाराला कारण कळत नाही. जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने नव्या नियमावलीचा मसुदा काढला, तेव्हा रान उठले ते कुलगुरू कोण नेमणार यावरून. सेवा कशी मोजायची या कलमावर मला तरी फारशी चर्चा ऐकू आली नाही. कुलगुरू राज्यात मोजके असतात. ज्यांची वर्षे मोजायची राहिली आहेत त्यांची गणती कुणी केलेली नाही.

फेलोशिपचेही थोडे सांगतो. जेआरएफ २०१४ मध्ये २५,००० झाली, २०१९ मध्ये ३१,००० आणि २०२३ मध्ये ३७,०००. प्रत्येक वाढीआधी देशभरातले संशोधक विद्यार्थी फलक घेऊन उभे राहिले होते. मधल्या चार-पाच वर्षांत घरभाडे, खाणावळ, रसायनांचे भाव सगळे वाढतात, फेलोशिप जागची हलत नाही. महागाईशी तिचा संबंध जोडलेला नाही. आणि आपल्या राज्याच्या बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या फेलोशिपवर असलेल्या मुलांचा प्रश्न तर रकमेचाही आधीचा. पैसे नोंदणीच्या दिनांकापासून द्यायचे की निवडीच्या, एवढ्या एका वाक्यासाठी ही मुले आझाद मैदानावर आठवडेच्या आठवडे बसली. पावसात बसली. ज्यांनी ग्रंथालयात बसायचे ती मैदानात बसली. त्यांचा तो काळही शोधप्रबंधाच्या सहा वर्षांच्या मुदतीत धरला जातोच.

याच संदर्भात २०२३ च्या हिवाळी अधिवेशनात, नागपूरला विधान परिषदेत, सत्ताधारी बाकांवरून विचारले गेले होते की पीएच.डी. करून ही मुले काय दिवे लावणार आहेत. प्रश्न उद्धट होता, पण निरर्थक नव्हता. निकृष्ट प्रबंध होतात हे मी नाकारणार नाही. मी परीक्षक म्हणून ते वाचले आहेत. काही प्रबंध तर पान उलटताना मागच्या पानाची लाज वाटावी असे होते. पण ही गर्दी कुणी जमवली? २०१८ च्या नियमावलीने जाहीर केले की जुलै २०२१ पासून विद्यापीठ विभागांत सहायक प्राध्यापक व्हायला पीएच.डी. सक्तीची. हजारो मुलांनी नोंदणीसाठी धावपळ केली. मग ती तारीख २०२३ पर्यंत ढकलली आणि २०२३ मध्ये सक्तीच काढून टाकली, पुन्हा नेट-सेट पुरे. ज्यांनी आयोगाच्या शब्दावर विसंबून ऐन तारुण्याची पाच-सहा वर्षे दिली, त्यांना आता दिव्यांचा हिशेब विचारायचा हे बरे नव्हे. पदवीची जबरदस्ती केली की पदव्या वाढतात. दोष जबरदस्ती करणाऱ्याचा असतो.

आता जागा बदलण्याचा प्रश्न. आपले धोरणकर्ते ‘मोबिलिटी’ हा शब्द फार आवडीने वापरतात. संशोधक फिरता असावा, चार ठिकाणचे पाणी प्यालेला असावा, हे मलाही पटते. दामोदर धर्मानंद कोसंबी हार्वर्डहून १९२९ मध्ये परतले. बनारस, मग अलीगढ, मग पुण्याचे फर्ग्युसन आणि पुढे मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था असा त्यांचा प्रवास झाला. पुण्याचे घर न सोडता ते डेक्कन क्वीनने मुंबईला जात. या चार ठिकाणांपैकी एकाही ठिकाणी त्यांची घडी कायमची बसली नाही. टाटा संस्थेनेही १९६२ मध्ये त्यांचा करार पुढे चालवला नाही. तरी गणितापासून नाण्यांपर्यंत आणि भर्तृहरीपासून कार्ल्याच्या लेण्यांपर्यंत ते जे करू शकले, त्यात या फिरण्याचा वाटा आहेच. पण कोसंबी एकच असतात. धोरण आखायचे ते कोसंबींसाठी नव्हे. ज्याला संसार आहे, कर्ज आहे, आईवडील आहेत आणि जो बऱ्यापैकी हुशार आहे, अशा माणसासाठी आखायचे असते.

आणि बाईसाठी. कमला भागवत १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. घेऊन परत आल्या. दिल्लीत लेडी हार्डिंज महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र विभाग सांभाळला, मग कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत गेल्या. १९४७ मध्ये लग्न झाले, त्या कमला सोहोनी झाल्या आणि मुंबईला आल्या. मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी नीरेवर आणि कडधान्यांवर जे काम उभे केले ते आपल्याला ठाऊक आहे. पण त्या मुंबईत आल्या तेव्हा तिथे तो विभाग नव्याने उघडत होता. तो योग जुळला नसता तर? लग्नानंतर दुसऱ्या गावी जाणाऱ्या प्रत्येक संशोधक स्त्रीला असा उघडता विभाग सापडत नाही.

आयोगाच्या पीएच.डी.विषयक नियमांत यासाठी एक चांगली तरतूद आहे, ती बहुतेक मार्गदर्शकांनाही माहीत नसते. लग्नामुळे किंवा अन्य कारणाने स्त्री संशोधकाला गाव बदलावे लागले, तर तिची संशोधनाची सामग्री दुसऱ्या विद्यापीठात नेता येते. त्याच नियमांनी स्त्रियांना सहा वर्षांवर दोन वर्षांची वाढीव सवलत आणि २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजाही दिली आहे. कागदावर हे उत्तम. प्रत्यक्षात कोल्हापूरची मुलगी नागपूरला जाऊ म्हणते, तेव्हा तिथले कार्यालय विचारते, आमची पेट, म्हणजे पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा, दिली आहे का? आमचे कोर्सवर्क केले आहे का? आमच्या आरआरसीपुढे, म्हणजे संशोधन समितीपुढे, विषय आला आहे का? मायग्रेशन सर्टिफिकेट कुठे आहे? दोन्ही विद्यापीठे एकाच राज्याची, एकाच २०१६ च्या कायद्याखाली चालणारी, एकाच मंत्र्याच्या, म्हणजे आपल्या, खात्यातली. सामग्री नेता येते, नोंदणी नेता येत नाही. फेलोशिपचे पैसे तर मधल्या काळात कुणाच्या खात्यात असतात हे सांगायला कुणी तयार नसते. आणि हो, तरतूद फक्त स्त्रियांसाठी का, हेही मला उमगत नाही. बायकोच्या बदलीमागे जाणारा नवरा आपल्याकडे कमी आहे, पण नियमाने त्याला अशक्य ठरवायचे कारण नाही.

कुणी म्हणेल, युरोपकडे पाहा. मी पाहिले आहे. तिथल्या मारी क्युरी फेलोशिपचा नियम असा, की ज्या देशात जायचे तिथे मागच्या छत्तीस महिन्यांत बारापेक्षा जास्त महिने राहिलेले असता कामा नये. म्हणजे हललेच पाहिजे. २००५ पासून त्यांच्याकडे संशोधकांची सनद आहे, संशोधकाला पहिल्या पायरीपासून व्यावसायिक मानावे असे ती सांगते, आणि सेवेतल्या खंडांचा विचार निवडीत व्हावा असेही सांगते. त्यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. पण त्याच युरोपातल्या जर्मनीत पीएच.डी.पूर्वी सहा आणि नंतर सहा अशी मुदतबंद कराराची वर्षे कायद्याने ठरवली, आणि २०२१ मध्ये तिथले हजारो संशोधक ‘मीच ती हाना’ असे म्हणत समाजमाध्यमांवर उतरले. हाना हे सरकारच्याच एका प्रचारफितीतले पात्र होते. मुदतबंद करारांमुळे व्यवस्था ताजी राहते असे ती फीत सांगत होती. ज्यांची उमेद त्या ताजेपणात संपली त्यांना ते ऐकवले नाही. म्हणून नक्कल करायची तर सनदेची करावी, सक्तीची करू नये.

खरे तर फार लांब जायची गरज नाही. पुणे विद्यापीठाच्या आवारात १९८८ मध्ये जयंत नारळीकरांनी आयुका उभी केली, तेव्हा त्यांना ठाऊक होते की खगोलशास्त्राला वाहिलेला प्राध्यापक आसाममधल्या किंवा विदर्भातल्या एखाद्या महाविद्यालयात एकटाच असतो. त्याला तिथून उपटून पुण्यात आणायचे नव्हते. त्यांनी ‘व्हिजिटिंग असोसिएट’ ही योजना चालवली. महाविद्यालयातला शिक्षक ठरावीक वर्षांसाठी असोसिएट होतो, सुट्टीत किंवा रजेत आयुकात येतो, प्रवास आणि राहणे आयुका बघते, तो संगणक वापरतो, ग्रंथालय वापरतो, भांडतो, शिकतो आणि परत आपल्या वर्गात जातो. नोकरी शाबूत, गाव शाबूत आणि संशोधनही चालू. याच्याही आधी अब्दुस सलाम यांनी इटलीत त्रिएस्तला १९६४ मध्ये केंद्र काढून असेच केले होते. ते स्वतः १९५१ मध्ये लाहोरला परतले होते आणि तीन वर्षांत, बोलायला कुणी नाही म्हणून, पुन्हा केंब्रिजला गेले. पुढच्या पिढीतल्या कुणावर देश आणि विज्ञान यांपैकी एक निवडायची पाळी येऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू.

मग मराठवाड्यातल्या इतिहासाच्या प्राध्यापकाला भांडारकर संस्थेत किंवा डेक्कन कॉलेजात अशी जागा का नसावी? अर्थशास्त्राच्या प्राध्यापिकेला गोखले संस्थेत का नसावी? पूर्वी आयोगाची एक योजना होती. महाविद्यालयीन शिक्षकाला पगारी रजा मिळे, तो पीएच.डी. करायला जाई आणि त्याच्या जागी येणाऱ्या बदली शिक्षकाचा पगारही आयोग देई. माझ्या पिढीतले निम्मे गाईड त्या योजनेतून घडले असे म्हणायला हरकत नाही. बाराव्या पंचवार्षिक योजनेबरोबर ती विरली. तिच्या जागी काही आले नाही. आता शिक्षकाने संध्याकाळी सहानंतर संशोधन करावे आणि नॅकच्या फायली सकाळी लिहाव्यात अशी अपेक्षा आहे.

मंत्रिमहोदय, पैसे नाहीत हे उत्तर आपल्याकडे तयार असेल. म्हणून आधी ज्याला जवळजवळ पैसे लागत नाहीत ते मागतो. पीएच.डी.च्या नोंदणीच्या दिवशी प्रत्येक संशोधकाचे सेवापुस्तक उघडा. ऑनलाइन असू द्या, पण नोंदी विद्यापीठाच्या सहीच्या. कुठल्या दिवशी कुठे रुजू झाला, किती फेलोशिप मिळाली आणि किती महिन्यांनी मिळाली, प्रसूती रजा, प्रकल्पावरची वर्षे, सीएचबीचे तास, सगळे त्यात यावे. विद्यापीठ बदलले तर पुस्तकही जावे आणि नव्या विद्यापीठाला ते नाकारता येऊ नये. कोर्सवर्क एकदा झाले म्हणजे झाले. राज्यातल्या अकृषी विद्यापीठांपुरता असा शासन निर्णय काढणे आपल्या हातात आहे. त्यासाठी दिल्लीची वाट पाहायची गरज नाही.

दुसरी गोष्ट पैशाची आहे आणि ती टाळता येणार नाही. अनुदानित महाविद्यालयातल्या शिक्षकाचा पगार राज्याच्या तिजोरीतून, सहसंचालक कार्यालयामार्फत जातो. म्हणजे पैसे देणारा धनी एकच आहे. तरीही एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत जायचे तर एनओसी, राजीनामा, धारणाधिकार, वेतननिश्चिती या साऱ्यातून माणूस अर्धमेला होऊन निघतो. आणि सीएचबीचे तुकडे करून एका पूर्ण जागेवर दोन-दोन माणसे लावण्यात राज्य पैसे वाचवते असे दिसते, पण त्यातून दोन माणसांची वर्षे मात्र बुडतात. मी असे म्हणत नाही की उद्या सगळ्या जागा भरा. बिंदुनामावली, आकृतिबंध, वित्त विभाग हे सगळे मला माहीत आहे. आणि जागा निघाली की काही संस्थाचालक तिचा काय भाव सांगतात हे आपल्यालाही माहीत आहे. त्यावर आपण बोललात तर मी वेगळे पत्र लिहीन, अभिनंदनाचे. पण जिथे कार्यभार पूर्ण आहे आणि जागा रिकामी आहे, तिथे तास वाटण्याऐवजी रीतसर समितीने निवडलेला, एकूण वेतन नियमांच्या अटीत बसेल असा, बारा महिन्यांचा कंत्राटी शिक्षक नेमा. तो कायम होवो न होवो. निदान त्याची वर्षे मोजली जातील आणि पुढच्या मुलाखतीत त्याच्या नावापुढे शून्य येणार नाही.

बाहेरून परतणाऱ्यांसाठी केंद्राच्या रामानुजन, रामलिंगस्वामी अशा फेलोशिप आहेत. त्या पाच वर्षे चालतात आणि नंतर त्या माणसाला कुठेतरी कायम जागा मिळेल असे गृहीत धरतात. राज्य विद्यापीठात ती जागा निघतच नाही, म्हणून हे लोक आयसर, आयआयटी किंवा पुन्हा विमानतळ गाठतात. आपले राज्य राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीतून दरवर्षी ७५ मुलामुलींना बाहेर पाठवते. खाते सामाजिक न्यायाचे, आपले नव्हे. पण ती मुले परततील तेव्हा शिकवायला कुठे जाणार, हा प्रश्न आपल्याच खात्याचा आहे. या दोन खात्यांनी एकदा एका टेबलाभोवती बसावे असे वाटते.

शेवटची विनंती छोटी आहे. राज्यातल्या प्रत्येक सहसंचालक कार्यालयाकडून एक तक्ता मागवा. आज तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांपैकी पीएच.डी. किती, प्रत्येकाची त्यातली वर्षे किती, आणि त्यांतली किती वर्षे नियमांप्रमाणे मोजता येतात. तिसरा रकाना भरताना कार्यालयांना फार वेळ लागणार नाही. हा तक्ता पुढच्या अधिवेशनात सभागृहाच्या पटलावर ठेवा आणि त्याची प्रत विद्यापीठांच्या संकेतस्थळांवरही टाका, म्हणजे ज्यांची वर्षे त्यात आहेत त्यांना ती तपासून हरकत घेता येईल.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त संशोधन मार्गदर्शक